तिसऱ्यांना अंड्याचा पास्ता नको

कॉन्ट्रॅक्ट आलं, मेडिकल झालं, सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक, हातात पडलं. आता जेनोव्हाला बोट पकडायची आणि गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, पास्त्याच्या सेक्शनला कोमी, म्हणजे हाताखालचा आचारी, म्हणून उभं राहायचं. तुझी आई म्हणाली, दादा, त्याला चार गोष्टी सांगून ठेव. चारावर थांबणारा मी नाही, ते तिलाही ठाऊक आहे. कॉलेजात तुम्हाला पाच मदर सॉस शिकवतात, ते फ्रेंचांचे. ते ज्ञान बॅगेच्या तळाशी राहू दे, इटालियन शेफसमोर बाहेर काढू नकोस. त्याच्या लेखी खायचा तो पास्ता, सॉस त्याला चव देण्यापुरता. आपला पोरगा पहिल्या दिवशी सॉसचा डोंगर वाढतो, मग खालचा पास्ता गिऱ्हाइकाला उकरून काढावा लागतो. सुका पास्ता माणशी 80 ते 100 ग्रॅम, आणि सॉस इतकाच की खाऊन झाल्यावर ताटलीत तळं उरू नये.

ऑर्डर आली की लगेच आकार शोधायला धावू नकोस. आधी बघ, सॉसमध्ये फॅट कुठलं आहे. ऑलिव्ह तेल, टोमॅटो, समुद्राचं काही किंवा खारवलेलं डुक्कर असेल तर सुका पास्ता. लोणी, दूध, मलई किंवा बारीक कापून मुरवलेलं मांस असेल तर अंड्याचा ताजा. निम्मं काम इथेच होतं. मग बघ, सॉसमधला तुकडा केवढा आहे. आणि शेवटी, सॉस पाणी सोडतो का. सगळे आकार या तीन गोष्टींसाठी झालेत. फुलपाखरं न् चाकं करून पोरांना खूश करणारे काही आहेत, ते सोडून दे.

सुका आणि ताजा यांत फरक धान्याचा आहे. इटलीत 1967 सालापासून कायदाच आहे की सुका पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचाच हवा. डुरम म्हणजे आपला बन्सी, ज्याचा रवा शेवयांना घेतात. दाणा काचेसारखा कडक, पिवळसर. त्याचा पास्ता उकळत्या पाण्यात जाऊनही आत कणी धरून राहतो आणि सॉस बाहेरून अंगावर घेतो, पोटात घेत नाही. अंड्याचा पास्ता मऊ गव्हाच्या मैद्यासारख्या पिठाचा. एमिलियातल्या बायका 100 ग्रॅम पिठाला एक अंडं धरतात आणि लाकडी पाटावर लांब लाटण्याने लाटतात. लाकडामुळे त्याला बारीक खरखर येते, अंड्यामुळे मऊपणा येतो, आणि तो लोणी नि चरबी पिऊन घेतो. त्याच्यावर तिसऱ्यांचं पातळ पाणी घाल. मिनिटाभरात सगळं पाणी पोटात जातं, पास्ता फुगतो, आणि तोंडात अंडं येतं, समुद्र येत नाही. म्हणून म्हणतो, तिसऱ्यांना अंड्याचा पास्ता नको.

अपवाद आहेत. रिमिनीच्या बाजूला, आद्रियाटिकच्या किनाऱ्यावर, बारीक ताल्योलिनी माशाबरोबर खातात आणि छान लागतात. पण त्यांनी तो नियम मोडला तो त्यांच्या हाताच्या भरवशावर. तू पहिलं कॉन्ट्रॅक्ट तरी नियमाने काढ.

आता तिसऱ्याच घेऊ, कारण यात तू इटालियन पोरांच्या पुढे आहेस. वोंगोले म्हणजे तिसऱ्याच, जात जरा वेगळी. मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू काढायची, फुटक्या आणि उघड्या राहिलेल्या टाकायच्या, हे तुला तुझ्या आजीने शिकवलं आहे. पुढचं नेपल्सचं. चार माणसांना किलोभर तिसऱ्या. तेलात ठेचलेली लसूण, थोडी सुकी मिरची, तिसऱ्या, वर झाकण, आच मोठी. तोंड उघडलं की लगेच बाहेर. वाट बघितलीस तर रबर. खाली जमलेलं पाणी फडक्यातून गाळ. सॉस तो हाच, दुसरा काही करायचा नाही. स्पगेटी पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढून या पाण्यात टाक आणि उरलेलं शिजणं तिथे होऊ दे. पास्त्याच्या पाण्यात मीठ नेहमी लिटरला 10 ग्रॅम आणि 100 ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी, पण या पदार्थाला मीठ थोडं कमी घाल, तिसऱ्या स्वतःचं घेऊन येतात. शेवटी पार्सली. मलई नाही, लोणी नाही. स्पगेटी, नेपल्सकर ज्याला वेर्मिचेल्ली म्हणतात तो जरा जाड प्रकार, किंवा चपटी लिंग्विने, तिन्ही चालतात. सगळी लांब आणि बिनरेघांची, कारण रस पातळ आहे, त्याला सरकायला लांब अंग हवं. पेन्ने घेतलेस तर पाणी नळीतून वाहून जाईल आणि तिसरीचं मांस वेगळं, पास्ता वेगळा राहील.

माकूल आला की उलट. माकुलाची कडी मोठी, तिला स्पगेटीबरोबर फिरवताच येत नाही. तिथे नेपल्सवाले पाक्केरी घेतात, रुंद नळ्या, शिजल्यावर जरा चपट्या होणाऱ्या. नाहीतर कालामाराता, जी मुद्दाम माकुलाच्या कडीएवढीच कापलेली असते, म्हणजे काट्याला कधी मासा लागतो कधी पास्ता, आणि खाणाऱ्याला आधी कळत नाही. ही त्यांची गंमत मला फार आवडायची. सिसिलीत तलवार माशाचे चौकोनी तुकडे वांग्याबरोबर परततात, त्यालाही असाच आखूड, दणकट पास्ता लागतो. मोठा तुकडा, आखूड पास्ता. पातळ रस, लांब पास्ता.

पालेर्मोला बोट लागली आणि चार तास मिळाले तर पास्ता कोन ले सार्दे खा. तारल्यांचा पास्ता. तारल्या, रानबडीशेपेचा पाला, बेदाणे, चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया, केशर, आणि वर परतलेला पावाचा चुरा. पास्ता बुकातीनी, म्हणजे मधून भोक असलेली जाड स्पगेटी. तारलीचं तेल आणि पाल्याचा चोथा इतका जड असतो की बारीक स्पगेटी त्याच्याखाली मोडते. याच पालेर्मोजवळ त्राबिया नावाचं गाव आहे. अरब भूगोलकार अल्-इद्रिसीने 1154 साली लिहून ठेवलंय की तिथे शेवयांसारखा पदार्थ ढिगाने बनतो आणि जहाजं भरभरून बाहेर जातो. मार्को पोलो चीनहून परतला 1295 मध्ये. तेव्हा डेकवर कोणी पाहुणा तुला पोलोने नूडल्स आणल्याची गोष्ट सांगायला लागला तर मान डोलव, वाद घालू नकोस, तुझं काम वाढायचं आहे.

व्हेनिसला बिगोली. जाड, खरखरीत, दट्ट्याच्या यंत्रातून दाबून काढलेले. कांदा मंद आचेवर मऊ होईपर्यंत परतायचा, त्यात खारवलेल्या अँचोव्ही विरघळू द्यायच्या. झालं. सॉस दिसायला काहीच नाही, पण तो खरखरीत अंगाला असा चिकटतो की धुतला तरी निघणार नाही. तिकडेच व्हिचेन्झाच्या बाजूला हेच बिगोली बदकाच्या मांसाबरोबर देतात. आकार एक, सोबती दोन, कारण दोन्ही सॉस दाट आणि ओशट.

माशावर चीज घालायचं नाही, हे तुला सगळे सांगतील. कारण कोणी सांगणार नाही, ते मी सांगतो. तिसऱ्यांचं पाणी हलकं आणि खारट, पार्मिजानो जड आणि खारट. दुधाची चरबी जिभेवर थर धरते आणि खालचं काही पोचत नाही. पण हा धर्म नव्हे. पुलियातल्या बारीत तिएल्ला करतात, शिनाणे, बटाटे आणि तांदूळ थरांनी रचून भाजलेलं, त्यात पेकोरिनो पडतंच. शिनाण्याला चव तिखट, उग्र, ती चीजला तोंड देते. तिसरीला ते बळ नाही. आणि पाहुण्याने वोंगोलेवर पार्मिजानो मागितलं तर देऊन टाक. शेफ बघत असेल तर वेटरच्या हातून दे.

आता मांस. बोलोन्याला बंदर नाही, पण बोटीवरचं निम्मं राजकारण त्या गावाचं असतं. तिथले लोक आपल्या ताल्यातेल्लेच्या रुंदीवर इतके हळवे आहेत की 1972 मध्ये त्यांनी चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ती नोंदवून टाकली: शिजल्यावर 8 मिलिमीटर, म्हणजे गावच्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270वा भाग. 1982 मध्ये रागूची कृतीही नोंदवली. त्यात बीफ, त्याच्या निम्मा पान्चेत्ता म्हणजे खारवलेलं डुकराचं पोट, कांदा, गाजर, सेलरी, थोडासाच टोमॅटो, वाईन आणि पेलाभर दूध. लसूण नाही. आपण ज्याला बोलोनीज म्हणून लाल भडक खिमा वाढतो, त्याच्याशी याचं नातं लांबचं. रागू तपकिरी दिसतो आणि तासन्‌तास मुरलेला असतो. तो चपट्या, खरखरीत पट्टीला लागतो. गुळगुळीत गोल स्पगेटीवर घातला की खिमा घसरतो, स्पगेटी संपते आणि ताटलीत मांसाचा ढीग उरतो.

तरी बोलोन्याकरांचं सगळंच ऐकू नकोस. आर्तूझीने 1891 मध्ये जे स्वयंपाकाचं पुस्तक छापलं, त्यात बोलोन्याच्या पद्धतीचा मांसाचा सॉस आखूड मॅकरोनीबरोबर आहे, घोड्याच्या दातासारख्या आकाराच्या. म्हणजे खिमा नळीत जाऊन बसतो हे त्यांनाही ठाऊक होतं. ताल्यातेल्ले संपली तर रिगातोनी घे, बिनधास्त. स्पगेटी बोलोनीज मेन्यूवर असतेच, इंग्रज पाहुणे मागतातच, तीही कर, पण त्या वेळी सॉस जास्त घट्ट आटव आणि स्पगेटी पॅनमध्ये त्यात घोळव, वरून ओतू नकोस.

हे वरून ओतणं ही आपली सवय. आपल्याकडे शिरवाळ्यांवर नारळाचा रस ओततात आणि ते तसंच छान लागतं, कारण तांदळाचा शिरवाळा वाफवून पूर्ण शिजलेला असतो आणि रस गोड, पातळ. पास्ता अर्धा कच्चा सॉसमध्ये जातो. सोबत पळीभर त्याच्या उकळीचं पाणी. त्या पाण्यातला स्टार्च आणि तेल एकत्र होऊन दुधाळ, दाटसर होतं, तेव्हाच सॉस अंगावर बसतो. म्हणून पाणी ओतून द्यायच्या आधी एक मग बाजूला काढ, रोज, न विसरता. आणि पाण्यात तेल घालू नकोस. ते वर तरंगतं, पास्ता काढताना त्याला लागतं, आणि सॉसला धरायला जागा राहत नाही.

नेपल्सचा रागू वेगळा. तिथे खिमा नाही, डुकराचे आणि बीफचे मोठे तुकडे टोमॅटोत मंद आचेवर, इतक्या मंद की वर फक्त अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा. मांस बाहेर काढून दुसऱ्या वाढपाला ठेवतात, आणि उरलेला गडद सॉस झीतीबरोबर जातो. झीती म्हणजे लांब नळ्या, हाताने मोडायच्या. मोडताना चुरा पडतो, तो टाकायचा नाही, तोच सॉसला दाटपणा देतो. शेफ तुला पहिल्या आठवड्यात झीती मोडायला बसवेल. कंटाळू नकोस, ते हातच पुढे पाच किलो पास्त्याचा अंदाज न तोलता घेतात.

रानडुक्कर किंवा ससा आला की तस्कनी आठव आणि पाप्पार्देल्ले घे, बोट-दीड बोट रुंद पट्ट्या. शिकारीचं मांस वाईनमध्ये शिजून धाग्याधाग्याने सुटतं, त्याला पसरायला रुंद जागा हवी. आब्रुत्सोत मटणाचं काही असेल तर कितार्रा, तारा लावलेल्या चौकटीवर लाटी ठेवून दाबून कापलेला चौकोनी धागा. तेरामोला त्यावर वाटाण्याएवढे मांसाचे गोळे घालतात, आणि ते बोटाने एकेक वळावे लागतात. बोटीवर कोणी करत नाही.

रोमलाही माझा पहिलाच नियम चालतो. तिथे सगळा खेळ ग्वान्चालेचा, डुकराच्या गालाच्या खारवलेल्या मांसाचा. थंड पॅनमध्ये टाकून हळूहळू तापवलं की चरबी तेलासारखी सुटते आणि ती सुक्या पास्त्यालाच शोभते. आमात्रिचानाला आमात्रिचे गावात स्पगेटी, रोममध्ये बुकातीनी. दोन्ही बाजूंची माणसं तुझ्या गॅलीत असतील, कोणाचीच बाजू घेऊ नकोस. कार्बोनाराला मी स्वतः रिगातोनी पसंत करतो, कारण ग्वान्चालेचे तुकडे नळीत शिरतात. माणशी एक बलक, भरपूर पेकोरिनो, ताजी मिरी, आणि अंडं घालताना आच बंद. मलई घालून ते सोपं करणारे खूप भेटतील. मलईने सॉस फाटत नाही हे खरं, पण मग ती कार्बोनारा नाही, तेव्हा मेन्यूवर तरी नाव दुसरं लिहावं.

कोंबडीबद्दल विचारशील. इटलीत पास्त्यावर कोंबडी जवळजवळ दिसतच नाही. तिची चव सौम्य, चरबी कमी, ती पास्त्याला काही देत नाही. पाहुणे मागतात म्हणून मलई-मशरूमबरोबर फेत्तुचिनेवर घालतात. शक्य असेल तर मांडीचं मांस घे, छातीचं कोरडं होतं.

जेनोव्हात पेस्तोचं बघून ठेव. त्रोफिए, पिळलेले छोटे तुकडे, किंवा त्रेनेत्ते, लिंग्विनेची चुलत बहीण. त्याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि कोवळ्या घेवड्याच्या शेंगा शिजवतात. पेस्तोला आच दाखवायची नाही, काळा पडतो आणि तुळशीचा वास जातो. बाऊलमध्ये थोड्या गरम पाण्याने सैल करून त्यात पास्ता घालायचा.

आणि इथे एक गोष्ट फार लक्ष देऊन ऐक. मेडिटरेनियनच्या बोटींवर आता आपल्याकडचे ग्रुप येतात, त्यांत मुंबईचे, गुजरातचे शाकाहारी पुष्कळ. वेटर सांगतो पेस्तो व्हेज आहे. पेस्तोत पार्मिजानो आणि पेकोरिनो असतं, आणि पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटनेच बनतं, दुसऱ्या कशाने बनवलं तर ते नाव लावता येत नाही. शाकाहारी माणसाला हे न सांगता वाढणं म्हणजे फसवणूक. चीज बाजूला ठेवून त्यांना सिसिलीचा उपाय दे: पावाचा चुरा तेलात खरपूस परतून वरून घाल. चीज परवडत नसे तेव्हाची ती गरिबाची युक्ती, पण तेल-लसणीच्या स्पगेटीवर मला ती पार्मिजानोपेक्षा बरी वाटते. पुलियाची ऑरेक्येत्ते, अंगठ्याने ओढलेले वाटीसारखे तुकडे, रापीच्या कडवट पाल्याबरोबर देतात. त्यात खारवलेली अँचोव्ही असते, ती काढ. रापीऐवजी मोहरीचा पालाही चालतो, ती एकाच कुळातली. पाल्याचे बारीक तुकडे त्या वाट्यांमध्ये बसतात. जैन ग्रुप असेल तर लसूण, कांदा, बटाटा तिन्ही बाद, म्हणजे पेस्तो गेला, त्रोफिए गेली. तेव्हा टोमॅटो, तुळस, सुका डुरम पास्ता, बिनअंड्याचा. पाकीट वाचून घे, ताज्यात अंडं असतंच असं समजून चाल.

पाकिटाचंच आणखी एक. स्टोअरमध्ये दोन प्रकारचा सुका पास्ता असेल. एक चकचकीत पिवळा, टेफ्लॉनच्या साच्यातून काढलेला. दुसरा फिकट, पिठूळ, हाताला खरखरीत. तो ब्राँझच्या साच्याचा, पाकिटावर ‘त्राफिलाता अल ब्रोंझो’ लिहिलेलं असतं. सॉस कमी आणि पातळ असेल तिथे ब्राँझच्या साच्याचा वापर, तिसऱ्यांना तोच. नेपल्सजवळच्या ग्रान्यानोचा मिळाला तर उत्तम, 2013 पासून त्या गावाच्या नावाला युरोपचं भौगोलिक मानांकन आहे. बुफेत पाव तास दिव्याखाली पडून राहणार असेल तर साधा, रेघांचा पेन्ने घे, महागाचा वाया घालवू नकोस. गुळगुळीत पेन्ने मात्र कोणाच्या गळी उतरवायला जाऊ नकोस. 2020 मध्ये इटलीत लोकांनी साठा करायला दुकानं रिकामी केली, तेव्हा फडताळावर तेवढेच उरल्याचे फोटो फिरले होते. नेपल्सवाले म्हणतात उत्तरेकडच्यांना अक्कल नाही, गुळगुळीतच खरा. ब्राँझच्या साच्याचा असेल तर नेपल्सवाल्यांचं बरोबर आहे.

अगदी बारीक धागे, कापेल्लिनी वगैरे, सॉसला देऊ नकोस, सुपातच घाल. तोर्तेल्लिनीही खरी सुपातलीच, कोंबड्याच्या निवळ सुपात. तिला मलईत बुडवून देतात, ते बघून बोलोन्याचा माणूस चेहरा फिरवतो, आणि इथे मी त्याच्या बाजूचा.

बोटीवर उरलेलं नियमाने फेकावं लागतं, त्यात हात घालू नकोस. पण सुट्टीवर घरी आलास की उरलेल्या स्पगेटीची नेपल्सची फ्रित्ताता कर. स्पगेटी कालची आणि सुक्या पास्त्याची हवी, टोमॅटो लागलेली असली तरी चालते. चार अंडी फेटून त्यात मिरी, किसलेलं चीज, आवडलं तर सलामीचे तुकडे. जाड बुडाच्या तव्यात तेल तापवून सगळं दाबून पसर, आच मध्यम. खालून सोनेरी कड सुटली की ताटली उलटी ठेवून पलट. अंड्याच्या ताज्या पास्त्याची ही जमत नाही, लगदा होतो. गरम खाऊ नकोस, गार झाल्यावर काप. नेपल्सची माणसं ती कागदात गुंडाळून समुद्रावर घेऊन जातात.